प्रयागबाई मॅक्सी घालत नाहीत

शेषेरावांनी एसटीच्या डेपोत चौतीस वर्षं नोकरी केली. शेवटची नऊ वर्षं ते हेड मेकॅनिक होते. गाडी आवारात शिरली की नुसत्या आवाजावरून सांगायचे, हिचा क्लच गेलाय की ब्रेक घासतोय. पण स्वतःच्या घरात रोज कसले आवाज होतात, ते मात्र त्यांना वयाच्या बासष्टीपर्यंत कळलं नव्हतं. बायको तारामती सकाळी खांदा धरून ‘आई गं’ म्हणायची. ते ऐकू यायचं. थंडीचे दिवस आहेत, म्हणत असेल, असं वाटून ते पेपरचं पान उलटायचे.

संक्रांतीला त्यांची लेक पुनम नांदेडहून निलंग्याला आली आणि तिला पहिल्याच सकाळी एक गोष्ट दिसली. आई आरशासमोर कुंकू लावत होती, पण हात कपाळाकडे नेण्याऐवजी कपाळच खाली हाताकडे नेत होती. शेजारणीच्या म्हशीनं घमेल्यात तोंड घालावं तसं. पुनमनं दुसऱ्या दिवशी आईला लातूरला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हात वर करायला सांगितला. तो छातीपर्यंत आला आणि तिथंच थांबला.

“खांदा गोठलाय,” डॉक्टर म्हणाले. “काम काय करता?”

“काही नाही,” तारामती म्हणाली. “घरीच असते.”

“घरीच असते म्हणजे डॉक्टर,” पुनम म्हणाली, “चौऱ्याऐंशी वर्षांच्या आमच्या आजीला रोज उचलून उभी करते.”

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, शेक सांगितला, व्यायाम सांगितला आणि पंधरा दिवस कसलंही ओझं उचलायचं नाही म्हणून बजावलं. पुनमनं घरी येऊन आईच्या चार साड्या पिशवीत भरल्या. तारामती एक साडी काढून परत कपाटात ठेवायची, पुनम ती पुन्हा पिशवीत घालायची. असं तीनदा झालं.

“अगं, पण मग माय?” शेषेराव दारात उभे राहून म्हणाले. “मायचं कोण करणार?”

पुनमनं पिशवीची चेन ओढली. “माय कुणाची आहे बाबा?”

दुपारच्या नांदेड गाडीत त्यांनी दोघींना बसवून दिलं. तारामती खिडकीतून सांगतच होती: बीपीची गोळी जेवणाआधी नाही, नंतर, दूध कोमट, गरम नाही, आंघोळीला अंबिका येईल, पण लुगडं... पुढचं इंजिनाच्या आवाजात गेलं. शेषेरावांनी मान डोलावली. गाडीचा सायलेन्सर फुटका आहे, एवढं मात्र त्यांना स्पष्ट ऐकू आलं.

प्रयागबाई म्हणजे शेषेरावांची माय. दोन वर्षांपूर्वी मोरीत पाय घसरून पडल्या, खुबा मोडला, ऑपरेशन होऊन आत स्टीलचा गोळा बसला. तेव्हापासून त्या चार पायांचा वॉकर धरून चालत. डाव्या हातात जोर उरला नव्हता. पण जिभेला काही झालं नव्हतं, नजरेला नव्हतं आणि कानाला तर नाहीच. रोज सकाळी साडेआठ-नऊला बाहेरच्या ओट्यावर खुर्ची टाकून त्या उन्हाला बसत. गल्लीतून कोण कुठं चाललंय, कुणाच्या हातात कसली पिशवी आहे, कुणाची सून माहेराहून परत आली, याची त्यांना खडान्‌खडा माहिती असे. व्यायाम शिकवायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की, आजी, रोज चालायचं; चालणं थांबलं की पाय आखडणार. खोलीपासून ओट्यापर्यंत नि ओट्यापासून खोलीपर्यंत, दिवसातून दोनदा, एवढंच त्यांचं चालणं. पण तेवढं नेमानं होतं.

आणि ओट्यावर त्या बसत, त्या लुगडं नेसून. नऊवारी, कासोटा घातलेलं, काठ सरळ, तेरा निऱ्या. मोडलेल्या खुब्याच्या बाईला रोज नऊवार नेसवायचं म्हणजे काय दिव्य असतं, हे ओळखून आतापर्यंत पाच जणींनी पाच मॅक्स्या आणून दिल्या होत्या. पाचही कपाटात घडी न मोडता पडून होत्या. एक फुलाफुलांची, म्हणून नको. एक बिनफुलांची, म्हणून नको. एकीचा गळा मोठा, एकीचा लहान. पाचवीबद्दल प्रयागबाई म्हणाल्या होत्या, “मॅक्सी म्हंजे काय? पोत्याला बाह्या!”

पहिल्या दिवशी सात वाजता अंबिका आली. ही गल्लीतलीच, पस्तिशीची, कामाला चपळ. तिनं प्रयागबाईंना आंघोळ घातली, अंग पुसलं, पोलकं घातलं आणि बाहेर येऊन म्हणाली, “काका, लुगडं मला येत न्हाई. आमच्या वयातल्या कुणालाच येत न्हाई. मी मॅक्सी घातलीय. रागावल्या तर मला सांगू नका, मला अजून दोन घरं करायचीत.” आणि ती गेलीसुद्धा.

शेषेराव आत गेले. प्रयागबाई फुलाफुलांच्या मॅक्सीत पलंगावर बसल्या होत्या आणि गोधडी हनुवटीपर्यंत ओढली होती.

“माय, चल ओट्यावर. ऊन आलंय.”

“मी आजारी हाय.”

“काय होतंय?”

“मॅक्सी होऊन राहिली.”

नऊ वाजता समोरच्या घरातून हाक आली, “जिजी दिसंनात आज?” प्रयागबाईंना गल्लीत जिजी म्हणत. शेषेराव दारात जाऊन म्हणाले, बरं नाही. दहाला दुसरीनं विचारलं, अकराला तिसरीनं. दुपारी खानावळीच्या डब्यातला वरण-भात प्रयागबाईंनी गोधडीतूनच खाल्ला. चहा गोधडीतूनच घेतला. शेषेरावांना वाटलं, एक-दोन दिवस रुसेल, मग सवय होईल. गाडीलाही नवा पार्ट बसवल्यावर दोन दिवस कुरकुर असते.

दुसरा दिवस तसाच गेला. तिसऱ्या दिवशी अंबिका आंघोळ घालून बाहेर आली ती गंभीर चेहऱ्यानं. “काका, आजीचे पाय बघा.”

शेषेरावांनी गोधडीच्या पायथ्याशी बसून पाय बघितले. घोटे सुजले होते. अंगठ्यानं दाबलं तर खळगा पडला आणि तसाच राहिला. तीन दिवसांत माय उठून फक्त मोरीपर्यंत गेली होती. आता हा पाय आखडला, तर पुन्हा पलंग, पुन्हा सगळं पहिल्यापासून. आणि हे सगळं एका मॅक्सीपायी.

त्यांनी मागच्या दारी जाऊन नांदेडला फोन लावला. तारामतीनं पहिलाच प्रश्न विचारला.

“लुगडं कोण नेसवून राहिलंय?”

“अंबिका.”

“तिला येत न्हाई.”

तिकडं काहीतरी झटापट झाली आणि पुनमचा आवाज आला, “बाबा, आईच्या खांद्याला शेक चालू आहे. काल पहिल्यांदा ती सकाळी सातपर्यंत झोपली. तुम्हाला काय पाहिजे ते आजीलाच विचारा ना, ती लुगडं सत्तर वर्षं नेसलीय.” फोन बंद झाला.

पोरगी बोलली ते खरं होतं. डेपोत नवीन इंजिन आलं, तर ते आधी जुन्या मिस्त्रीला विचारायचे. इथं जुना मिस्त्री पलंगावर बसलाय आणि आपण मागच्या दारी फोन करून राहिलो.

ते आत गेले, लोखंडी पेटी उघडली, हिरवं लुगडं काढलं आणि म्हणाले, “माय, शिकव.”

“कुणाला?”

“मला.”

प्रयागबाईंनी गोधडी थोडी खाली घेतली. “आन शिकणार कुणावर? मला तर उभं ऱ्हावंना.”

शेषेरावांनी इकडंतिकडं बघितलं. घरात तिसरं माणूस नव्हतं. त्यांनी दार लोटलं आणि पँटीवरच लुगडं कमरेला गुंडाळायला घेतलं.

“डावीकडनं आरं, डावीकडनं! आता गाठ मार. बैल बांधून राहिला का? साधी मार. हां. आता ह्ये टोक पदराचं, खांद्यावर टाक. ऱ्हायलेल्याच्या निऱ्या घाल, टिचभर-टिचभर. किती झाल्या?”

“अकरा.”

“तेरा लागत्यात. पुन्हा घाल.”

शेषेरावांनी पुन्हा घातल्या. पंधरा झाल्या. पुन्हा घातल्या, तेरा झाल्या, पण खोचायच्या आत पाच सुटल्या. ज्या हातांनी डोळे झाकून गिअरबॉक्स उघडून परत बसवला होता, ते हात सुती कापडाच्या घडीपुढं घामाघूम झाले होते. शेवटी निऱ्या कशाबशा खोचल्या गेल्या.

“आता खालचा काठ धर, दोन पायांतनं मागं घे, आन मागं खोच.”

शेषेराव कमरेत वाकून पायांतून हात घालून मागचा काठ शोधत होते, पदर डोक्यावरून पुढं लोंबत होता, त्याच वेळी दार ढकलून दयानंद आत आला. दयानंद त्यांच्याबरोबर डेपोत होता, कंडक्टर. तीन दिवस मित्र चहाला का आला नाही, ते बघायला आला होता. तो उंबऱ्यातच थिजला.

“मी... मी नंतर येतो,” दयानंद म्हणाला.

“ये की, बस!” प्रयागबाई पलंगावरून ओरडल्या. “शेष्या लुगडं नेसून राहिलाय. बग, कासोटा कसा घातलाय. जनावराच्या शेपटावानी!”

आणि त्या हसायला लागल्या. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग डोळ्यांतून पाणी आलं. तीन दिवसांत पहिल्यांदा गोधडी पार गुडघ्यापर्यंत खाली घसरली. त्यांना हसताना बघून दयानंद हसला आणि दोघांना बघून शेषेरावांनाही राहवेना. हसता हसता निऱ्या सुटल्या त्या सुटल्याच.

दहा वाजेपर्यंत बसस्टँडसमोरच्या हॉटेलात बातमी पोचली होती. संध्याकाळी शेषेराव दूध आणायला निघाले, तर तिथून कुणीतरी हाक मारली, “वहिनी, चहा घेणार का?” शेषेरावांनी वळून बघितलं नाही. कान तापले, पण पावलं थांबली नाहीत. रात्री जेवण झाल्यावर त्यांनी दाराला आतून कडी लावून चार वेळा सराव केला.

चौथ्या दिवशी खरी परीक्षा. अंबिकेनं आंघोळीनंतर पोलकं आणि आतून शेषेरावांचा जुना सुती लेंगा घातला. लेंग्याला प्रयागबाईंची हरकत नव्हती. आत काय आहे ते ओट्यावरच्या बायांना कुठं दिसतंय. शेषेराव लुगडं घेऊन पुढं झाले.

“उभी ऱ्हा माय. वॉकर धर.”

“वॉकर धरला तर लुगडं गुंडाळणार कुठनं? मधी येतंय त्ये.”

“मग?”

“तारा खांदा देती.”

शेषेराव तिच्यासमोर उभे राहिले. मायनं उजवा हात त्यांच्या डाव्या खांद्यावर टाकला, पलंगावरून उठली आणि सगळा भार त्या एका खांद्यावर दिला. शेषेरावांनी एका हातानं तिची कंबर सावरली आणि दुसऱ्या हातानं लुगडं गुंडाळायला सुरुवात केली. अर्ध्यावर ती म्हणाली, दमले. मग बसवली. पुन्हा उठवली. निऱ्या घालताना ती झोक जाऊन पुढं आली, ती त्यांनी छातीवर झेलली. पुन्हा बसवली. पुन्हा उठवली. कासोट्यापर्यंत पोचायला पाऊण तास लागला आणि प्रयागबाई सहा वेळा उठल्या-बसल्या. शेवटी पदर खांद्यावरून घेऊन त्यांनी वॉकर धरला आणि म्हणाल्या, “चल.”

ओट्यावर बसल्याबरोबर त्यांनी समोरच्या घराकडं बघून हाक दिली, “मंगल, तुझ्याकडं काल चुन्याचा डबा घेऊन कोण आलतं गं?” म्हणजे गोधडीतूनही त्यांचं काम चालूच होतं.

शेषेराव आत येऊन खुर्चीत बसले. समोर चहाचा कप होता. तो उचलायला डावा हात पुढं केला आणि कळ थेट मानेपर्यंत गेली. त्यांनी तो खाली ठेवला.

एक दिवस झाला होता. एकच. तारामतीनं हे दोन वर्षं केलं होतं. सकाळी हे, मग स्वैपाक, मग भांडी. आणि तिचा खांदा त्यांच्या खांद्याच्या निम्मा होता. ते ‘आई गं’ ऐकून पान उलटायचे. डेपोत एखाद्या ड्रायव्हरनं गाडीचा असा आवाज ऐकून दोन वर्षं गाडी चालवली असती, तर त्यांनी त्याला गेटवर उभा करून शिव्या घातल्या असत्या.



दुसऱ्या दिवशी दुपारी ते स्वप्नालीकडं गेले. भाजी मंडईच्या मागं स्वप्नालीचं लेडीज टेलरचं दुकान होतं. तिथं दारातच एक पोपटी रंगाची, सोनेरी काठाची नऊवारी हँगरला लटकत असायची. शाळेच्या गॅदरिंगला पोरी नाचतात, त्यांच्यासाठी शिवलेली. शेषेराव रोज तिच्यासमोरून जायचे आणि त्यांना ती कधी दिसली नव्हती. आज ते तिच्यापुढं उभे राहून शिवण उलटी-सुलटी करून बघू लागले.

“काका, नातीसाठी का?” स्वप्नालीनं विचारलं.

“मायसाठी.”

स्वप्नालीनं मशीन थांबवली. शेषेरावांनी सगळं सांगितलं. खुबा सांगितला, डावा हात सांगितला, सहा वेळा उठणं-बसणं सांगितलं. स्वप्नालीनं खडू कानावर लावला आणि विचार करायला लागली. पायांत घालायची नको, म्हणाली, खुब्याला ताण. कमरेला पुढून गुंडाळायची, बाजूला चिकटपट्टी, व्हेल्क्रोची. निऱ्या शिवूनच टाकायच्या. कासोटा वेगळा, पायांतून मागं घ्यायचा, त्यालाही चिकटपट्टी. शेषेराव म्हणाले, चिकटपट्टी एक नको, दोन; एक सुटली तर दुसरी धरते. दोघंही तासभर कागदावर रेघोट्या ओढत बसले. शेषेरावांना कितीतरी दिवसांनी डेपोत असल्यासारखं वाटलं.

“फक्त कापड जुनं आणा,” स्वप्नाली म्हणाली. “मऊ पडलेलं. आन आजींना विचारून आणा. लुगड्याला कातर लावायची म्हणजे...”

ते खरंच अवघड होतं. प्रयागबाईंनी ऐकून घेतलं, आणि पहिलं वाक्य आलं, “मला काय गॅदरिंगात नाचायचं हाय का?” दुसरं आलं, “माझ्या लुगड्याला कातर लावशील तर मी जेवायची न्हाई.” तिसरं काही आलं नाही, कारण शेषेराव भांडले नाहीत. त्यांनी शर्टाची दोन बटणं काढून डावा खांदा दाखवला. वर कापूर घातलेल्या तेलाचा वास येत होता.

“लई दुखतंय?”

“हाव.”

“एका दिसात?”

“एका दिसात.”

प्रयागबाई भिंतीकडं बघत राहिल्या. “ती कधी बोलली न्हाई,” त्या म्हणाल्या. आणि मग एकदम, “ह्यो तिचा बी दोष हाय. बोलायला काय झालं होतं?”

“तू ऐकलं असतंस का?”

“न्हाई,” प्रयागबाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं.

त्या पेटीकडं बोट दाखवून म्हणाल्या, “उघड. तळाला बग, चिखलाच्या रंगाचं हाय ना, इहिणबाईनं दिल्यालं? त्याला लाव कातर. मला पयल्यापासूनच आवडत न्हाई त्ये.”

तीन दिवसांनी स्वप्नाली स्वतः शिवलेलं लुगडं घेऊन आली. प्रयागबाई पलंगाच्या कडेला बसल्या. त्यांना एकदाच उभं केलं, कमरेभोवती कापड फिरलं, बाजूला चर्र करून चिकटपट्टी बसली, कासोटा मागं गेला, पदर वर आला. शेषेराव भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते. साडेतीन मिनिटं. प्रयागबाईंनी खाली वाकून काठ तपासले. मागं हात घालून कासोटा चाचपला. चिकटपट्टी उघडली, लावली, उघडली, लावली.

“आवाज येतोय,” त्या म्हणाल्या.

“थोडा येणारच आजी.”

“येऊ दे. पण बाहीर कुणाला सांगू नका. शिवल्यालं हाय म्हणून.”

त्या ओट्यावर जाऊन बसल्या. समोरची मंगल आली, दोन घरं सोडून राहणारी आली, तासभर गप्पा झाल्या, कुणाला काही कळलं नाही. प्रयागबाईंना याचा इतका आनंद झाला की दुपारी त्यांनी स्वतःहूनच आणखी एक फेरी मारली, मुद्दाम, सगळ्यांना दिसावं म्हणून. संध्याकाळी त्यांनीच मंगलला जवळ बोलावून, पदर बाजूला करून, चर्र करून दाखवलं. गुपित पोटात ठेवायची त्यांना सवय नव्हती. घोट्याची सूज दोन दिवसांत उतरली.

पंधराव्या दिवशी तारामती परत आली. शेषेराव स्टँडवर घ्यायला गेले होते. तिनं गाडीतून उतरताना पिशवी उजव्या हातानं काढली, आणि शेषेरावांनी ती तिच्या हातातून घेतली. लग्नाला सदतीस वर्षं झाली होती, पण हे पहिल्यांदा झालं असावं, कारण तारामती दोन पावलं तशीच हात पुढं धरून चालली.

घरी प्रयागबाई ओट्यावर तिची वाट बघतच बसल्या होत्या. तारामती पाया पडायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. तिला काठ ओळखू आला होता.

“आत्याबाई, हे माझ्या आईनं दिलेलं लुगडं न्हाई?”

शेषेरावांनी डोळे मिटले.

“तेच की,” प्रयागबाई म्हणाल्या, पापणीसुद्धा न लवता. “इहिणबाईची आठवण म्हणून रोज अंगावर घालून राहिले.”

तारामतीनं कापड हातात धरून बघितलं. शिवण बघितली, चिकटपट्टी बघितली, आवाज करून बघितला. तिचा चेहरा हळूहळू उजळत गेला. मग तिची बोटं सवयीनं निऱ्यांवरून फिरली आणि ती मोजायला लागली. शेवटाला येऊन तिनं पुन्हा मोजल्या.

“बारा हायेत.”

“असत्याल,” प्रयागबाई म्हणाल्या. “कोण मोजतंय.”

तारामती सरळ उभी राहिली. “कोण मोजतंय? आत्याबाई, दोन वर्षं एक निरी कमी पडली की तुम्ही मला सगळं सोडायला लावून राहिल्या. दिवाळीच्या दिवशी तीनदा.”

“तू सून हायेस. तुला येतंय म्हणून सांगितलं. त्येला बापड्याला काय कळतंय निऱ्यांतलं?”

बापडा दारात पिशवी घेऊन उभा होता. त्यानं दोघींकडं आळीपाळीनं बघितलं आणि काही बोलायचं नाही असं ठरवलं. गेल्या पंधरा दिवसांत शिकलेल्या गोष्टींपैकी ही सर्वांत कामाची. तारामती खालचा ओठ दातात धरून उभी होती. ती रडेल असं शेषेरावांना वाटलं. पण ती रडली नाही. ती आत जाऊन पाणी प्याली, बाहेर आली आणि ओट्याच्या कडेला, सासूच्या शेजारी बसली. ही तिची या घरात बसायची जागा नव्हती. इथं ती नेहमी उभीच असायची.

“मग असं करू आत्याबाई,” ती अगदी गोड आवाजात म्हणाली. “तुमच्या पोराच्या बारा चालतात, माझ्या चालत न्हाईत. मग सकाळचं लुगडं इथून पुढं पोरानंच नेसवायचं.”

“आन तू?”

“मला डॉक्टरनं फिरायला सांगितलंय. नांदेडला विष्णुपुरीच्या धरणाकडं रोज जात होते पुनमसंगं. आठ ते नऊ.”

प्रयागबाईंनी शेषेरावांकडं बघितलं. मदतीची अपेक्षा असावी. शेषेराव म्हणाले, “माझं काही न्हाई. मला जमतंय.” आणि ते खरंच होतं.

तसंच सुरू झालं. पहिले दोन दिवस तारामतीचा पाय निघेना. ती दारापर्यंत जाऊन परत यायची, आतून चिकटपट्टीचा आवाज ऐकायची, “नीट धरा त्यांना,” म्हणायची. तिसऱ्या दिवशी शेषेरावांनी आतून कडी लावून घेतली. मग ती गेली. सोबत मंगल असायची. दोघी कॉलेजच्या मैदानापर्यंत जाऊन यायच्या, कधी नऊला, कधी साडेनऊला. येताना कधी कोथिंबिरीची जुडी असायची, कधी नुसतंच तोंडभर हसू. एका सकाळी साडेदहा वाजले, तेव्हा प्रयागबाई ओट्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, “सून फिरायला गेलीय. डॉक्टरनं सांगितलंय. खांदा लई नाजूक हाय तिचा.” जणू हा शोध त्यांनीच लावला होता.

महिनाभरात स्वप्नालीकडून आणखी दोन लुगडी शिवून आली. त्यांतल्या एकाला स्वप्नालीनं तेरा निऱ्या घातल्या, कारण प्रयागबाईंनी अंबिकेकरवी निरोप धाडला होता. शेषेरावांना तो निरोप कुणी सांगितला नाही.

मग एके दिवशी पुनमनं आईसाठी बूट पाठवले. चालायचे, मऊ तळव्याचे, करड्या रंगाचे, निळी पट्टी असलेले. तारामतीला साडीवर बूट घालायची लाज वाटत होती. ती ओट्याच्या पायरीवर बसून एक पाय घालायची, काढायची.

प्रयागबाई खुर्चीतून बघत होत्या. साडीवर बूट म्हणजे आता काय ऐकावं लागणार, म्हणून शेषेरावांनी आधीच पेपर तोंडासमोर धरला. मॅक्सीला पोतं म्हणणारी माय बुटाला काय म्हणेल, याचा त्यांना नेम नव्हता.

“इकडं दे,” प्रयागबाई म्हणाल्या.

तारामतीनं एक बूट त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा करून तळवा दाबला, नाकाजवळ नेला, वॉकरच्या रबरी पायाशेजारी धरून बघितला.

“घसरत न्हाई व्हय ह्ये?”

“न्हाई आत्याबाई. फरशी ओली असली तरी.”

“मग मला चपला कामून घालायला लावून राहिला तुम्ही? मला बी आण शेष्या, असलं. पट्टी नको. आन लाल नको.”

शेषेरावांनी पेपर खाली केला. “माप किती?”

“मला काय ठावं? मी काय कधी बूट घातलेत?”

म्हणून त्यांनी तोच पेपर ओट्यावर पसरला, मायचा उजवा पाय उचलून त्यावर ठेवला आणि खिशातली पेन्सिल काढून पायाभोवती रेघ ओढायला लागले. टाचेपासून सुरुवात केली, बाजूनं वर आले, करंगळीपाशी पोचले.

“हलू नको माय.”

“आरं, गुदगुल्या होऊन राहिल्यात!”

“एक मिनिट. हलू नको.”

“तारा, धर गं याला! शेष्या, सोड पाय... आरं, सोड की!” आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या प्रयागबाई भर सकाळी ओट्यावर बसून, सगळ्या गल्लीदेखत, लहान पोरीसारख्या खिदळायला लागल्या. कागदावरचं पाऊल अंगठ्यापाशी चांगलंच वाकडं गेलं. शेषेरावांनी पेपरची दुसरी बाजू उलटली आणि पुन्हा टाचेपासून सुरुवात केली.